घरातल्या पोराला एचआयव्ही निघाला तर: नाशकातल्या सरकारी एआरटी सेंटरचा रिव्ह्यू

सेंटरचं नाव टाकणार नाहीये, आधीच सांगते. एआरटी सेंटर म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारा दवाखाना. नाव टाकलं की उद्या कोणीतरी रिकामटेकडं गेटपाशी उभं राहून कोण आत जातंय ते बघत बसणार, आपल्याकडे अशा लोकांची कमी नाही. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी १०९७ ला फोन लावायचा, सरकारी हेल्पलाइन आहे, टोल फ्री आहे, जवळचं सेंटर कुठलं ते सांगतात.

नाशकात मिसळीच्या हॉटेलांचे रिव्ह्यू पायलीला पन्नास सापडतात, रस्सा किती तिखट, पापड किती, पार्किंग आहे का. पण ज्या जागी घरातल्या पोराला आयुष्यभर जावं लागणार आहे तिच्याबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही, कारण लिहिलं की लोक विचारणार तू कशाला गेली होतीस. म्हणून लिहितेय. ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारून लिहितेय, ओळख पटेल अशा दोन-तीन गोष्टी बदलल्यात.

मार्क आधी देऊन टाकते. औषधं पाचपैकी पाच. काउन्सेलिंग पाचपैकी पाच, पण मॅडम जागेवर असतील तर. वेळ, गर्दी आणि बसायची सोय पाचपैकी दोन, आणि तेही मन मोठं करून.

तर झालं असं की माझा भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा सगळ्यांना कावीळ म्हणूनच माहीत होतं. मध्ये वहिनीला टीबी निघाला. टीबीच्या प्रत्येक पेशंटची एचआयव्हीची टेस्ट करतातच, तशी तिचीही केली, पॉझिटिव्ह आली, आणि मग म्हणाले दोन्ही पोरांची पण करून घ्या. धाकटी निगेटिव्ह. मोठा पॉझिटिव्ह. वय सोळा, अकरावीत, दिवसभर क्रिकेट नाहीतर मोबाईल, कधी साधा मोठा आजार नाही. जन्माच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून आलेलं असणार आणि इतकी वर्षं अंगात गपचूप राहिलेलं. असं होतं काही मुलांमध्ये, दहा-पंधरा वर्षं काहीच जाणवत नाही, त्यामुळे 'पोरगं तर ठणठणीत आहे, टेस्ट कशाला' असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. टेस्ट फुकट होते, अठराच्या आतल्या मुलाची असेल तर पालकाची सही लागते, आणि एका टेस्टवर पॉझिटिव्ह म्हणून मोकळे होत नाहीत, तीन वेगवेगळ्या किटवर बघूनच सांगतात.

आता काउन्सेलिंगची खोली. या रिव्ह्यूचा सगळा जीव तिथेच आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वहिनीने मॅडमचे हात धरले होते, त्याला काही सांगू नका, रक्तात इन्फेक्शन आहे एवढंच म्हणा, बारावी होऊ द्या मग बघू. घरोघरी हेच म्हणत असतील. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, सोळा वर्षांचा आहे तो. बाटलीवरचं नाव मोबाईलमध्ये टाकायला त्याला अर्धा मिनिट लागेल. त्याला मोबाईलकडून कळू द्यायचंय की तुमच्याकडून?" वहिनी गप्पच झाली. मग काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, रडू आलं तर काय, हे त्यांनी तिच्याकडून आधी बोलून घेतलं, आणि सांगितलं तिनेच, मॅडम शेजारी बसून होत्या.

त्यानंतर आम्हा दोघींना चक्क बाहेर काढलं. वहिनीला ते अजिबात आवडलं नाही, माझं पोरगं आणि मलाच बाहेर? पण मला विचाराल तर त्या दिवशी सगळ्यात कामाची गोष्ट झाली ती हीच. आत काय झालं ते त्याने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. मॅडमनी पहिल्यांदा विचारलं, आई जे बोलली त्यातलं तुला काय समजलं ते तुझ्या भाषेत सांग. हा म्हणाला मला एड्स झालाय आणि मी मरणार. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं, की एचआयव्ही हा विषाणू आहे, एड्स ही फार पुढची पायरी, तिथपर्यंत जाऊच नये म्हणून तर गोळी. सीडी-४ म्हणजे अंगातले शिपाई, व्हायरल लोड म्हणजे विषाणू किती आहे त्याचा आकडा, एक वर जायला हवा आणि दुसरा खाली. आणि हेही बोलल्या की आईवर राग येणार तुला, येऊ दे, तिलाही माहीत नव्हतं, राग आला की इथे येऊन मला बोल पण गोळीवर काढू नकोस. हे वाक्य पुढे फार उपयोगी पडलं.

त्याने काय काय विचारलं असेल? जिमला जाऊ का. मित्राच्या बाटलीतलं पाणी प्यायलो तर. आणि रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात, उडी मारली तर बाकीच्यांना होईल का. जुन्या नाशकातलं पोरगं आहे, त्याला लग्नापेक्षा रहाडीची काळजी! मॅडमनी हसण्यावारी नेलं नाही, नीट सांगितलं की पाण्यातून, घामातून, एकत्र जेवून, एका बाटलीतून पाणी पिऊन हे पसरत नाही, मार खुशाल उडी. लग्नाचं पण त्यांनीच काढलं, की रोज गोळी घेऊन व्हायरल लोड सापडेनासा झाला आणि तसाच राहिला तर शरीरसंबंधातून पण जोडीदाराला जात नाही, लग्न होतं, मुलं निगेटिव्ह होतात. घरातल्या कोणालाच हे बोलता आलं नसतं, मला तर नाहीच.

औषध सुरू व्हायला फार वेळ गेला नाही. पूर्वी सीडी-४ ठराविक आकड्याच्या खाली येईपर्यंत थांबवायचे, २०१७ पासून तसं नाही, पॉझिटिव्ह म्हटलं की आकडा काही असो, सुरू. आधी रक्ताच्या तपासण्या, किडनीचं क्रिएटिनीन, कावीळ, आणि टीबीचे चार प्रश्न: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. हे चार प्रश्न दर वेळी विचारतात, कंटाळा येतो पण बरोबर आहे त्यांचं. याला टीबी नव्हता तर होऊ नये म्हणून सहा महिन्यांच्या वेगळ्या गोळ्या दिल्या.

गोळी एकच आहे दिवसाला, टीएलडी म्हणतात, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर तिन्ही एकात. पूर्ण फुकट, भारतात हे २००४ पासून फुकट आहे. वहिनीला टीबीची औषधं चालू असेपर्यंत डोल्युटेग्राविरची अजून एक गोळी दिली होती, कारण टीबीतलं रिफाम्पिसिन त्याचा जोर कमी करतं. म्हणजे एकाच घरात दोघांचे डोस वेगळे, त्यावरून पोराने एकदा घोळ घातलाच असता. फार्मसीवाल्या दादांनी दोन्ही बाटल्यांवर स्केच पेनने मोठं चिन्ह करून दिलं, एकावर गोल, एकावर चौकोन. नाव नाही लिहिलं, ते मला आवडलं.

बाटलीवरून आठवलं. हे कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. बाटली वाजते. तीस गोळ्यांची प्लास्टिकची बाटली दप्तरात टाकली की खुळखुळ्यासारखी वाजते, आणि अकरावीतल्या पोराला त्या आवाजाने घाम फुटतो. त्याने गोळ्या काढून कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरल्या. फार्मसीत कळल्यावर दादा म्हणाले मूळ बाटलीत ती ओल शोषणारी पुडी असते, बाटली घरीच ठेव घट्ट बंद करून, बाहेर मुक्कामाला जायचं असेल तर तेवढ्यापुरत्या दोन-तीन गोळ्या छोट्या डबीत ने. आणि कॉलेजात न्यायचं कारणच ठेवलं नाही, वेळ रात्रीची ठरवली. ती कशी ठरवली तर मॅडमनी विचारलं झोपतोस किती वाजता, शेजारी कोण झोपतं, तुझं दप्तर कोण उघडतं. डॉक्टर लोक 'रोज एका वेळी घ्या' सांगून मोकळे होतात, ही कोणती वेळ ते यांनी त्याच्या घराकडे बघून काढली.

रात्रीच्या वेळेचा अजून एक फायदा झाला. शाळा-ज्युनियर कॉलेजात मुलांना आठवड्याला ती निळी लोहाची गोळी देतात ना, ती डोल्युटेग्राविरच्या आगेमागे रिकाम्या पोटी घेतली तर औषध नीट शोषलं जात नाही. लोह किंवा कॅल्शियम घ्यायचं असेल तर एचआयव्हीच्या गोळीनंतर दोन तासांनी किंवा तिच्या आधी सहा तास, नाहीतर दोन्ही जेवणासोबत. ते अ‍ॅसिडिटीचं गुलाबी पातळ औषध मात्र जेवणासोबत पण नाही, त्याला अंतर ठेवायचंच. हे मॅडमनी आपणहून सांगितलं. याला पहिले काही दिवस डोकं दुखलं, झोप उडाली, मग बसलं सगळं.

आता तक्रारी, आणि त्या आहेत.

वेळ. सेंटर चालतं सकाळी, कॉलेज पण सकाळी. प्रत्येक वेळी प्रॅक्टिकल बुडवायचं आणि सरांना खोटं सांगायचं. सर विचारतात दर महिन्याला कसला रे दवाखाना? पोरांना गोळीचा त्रास नाही हो, या प्रश्नाचा त्रास आहे. महिन्यातून एक संध्याकाळ किंवा एखादा रविवार फक्त दहा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी ठेवला तर निम्मी गळती थांबेल असं माझं मत, पण माझं मत कोण विचारतंय.

बसायची जागा. सगळे एकत्रच. दारू सोडवायला आलेले, खंगलेले, तोंडाला रुमाल बांधून भिंतीकडे तोंड करून बसलेले. त्यात सोळा वर्षांचं पोरगं बसतं आणि आपलं पुढे असंच होणार म्हणून घरी येतं. मॅडमनी आत बोलून जे कमावलं ते बाहेरच्या बाकड्यावर अर्ध्या तासात जातं. सुरगाणा, पेठकडून पहाटेच्या एसटीने आलेले लोक पोरं कडेवर घेऊन उभे असतात, नंबर लागेपर्यंत परतीची गाडी जाते, आणि सप्तशृंगीची यात्रा असली की गाड्या तिकडे वळतात मग विचारूच नका. त्यांच्यापुढे आमचा त्रास काहीच नाही, तरी लिहिते.

मॅडम रजेवर असल्या की त्यांच्या जागी कोणी नाही. हिरवं पुस्तक, म्हणजे उपचाराची नोंद असते ते, पुढे करा, बाटली दाखवा, गोळ्या मोजा, नवी बाटली घ्या, चला. मोठ्या माणसाला चालेल, या वयाच्या पोराला नाही. हे सगळे लोक कंत्राटी आहेत, कधी बदलतील भरवसा नाही, आणि पोरं माणसाला धरून येत असतात, सेंटरला धरून नाही.

आणि नेमकं तेव्हाच आमचं घसरलं. सुरुवातीचे महिने झकास गेले, अलार्म वाजला की गोळी. मग हळूहळू कंटाळा. मला तर काहीच होत नाहीये मग रोज कशाला, गोळी बघितली की आठवतं, नाही बघितली तर मी नॉर्मल. हे त्याचे शब्द. घरात विचारलं की घेतली म्हणायचा. गोळ्या मोजायला बाटली न्यावी लागते हे माहीत असल्याने जादाच्या बेसिनमध्ये सोडायचा, हुशार आहे! पण सहा महिन्यांनी व्हायरल लोड करतात, मग वर्ष झाल्यावर, मग दरवर्षी, आणि त्या आकड्याला फसवता येत नाही. हजाराच्या वर आला. घरी रडारड, वहिनी म्हणे मीच मारलं माझ्या पोराला.

सेंटरमध्ये मात्र कोणी आवाज चढवला नाही. मॅडम परत आल्या होत्या, त्यांनी रिपोर्ट समोर ठेवला आणि विचारलं कुठल्या दिवशी सगळ्यात जड जातं? रविवारी, म्हणाला, घरी सगळे असतात, पाहुणे असतात. म्हणजे आळस नव्हताच तो निव्वळ, गोळी तोंडात टाकायला आडोसाच नव्हता त्याला, अर्धा घोळ तिथून सुरू झाला होता. मग तीन महिने दर महिन्याला बसवून बोलायचं आणि पुन्हा व्हायरल लोड करायचा असं ठरलं, लगेच औषध बदलत नाहीत.

पण खरं काम केलं ते तिथल्या केअर को-ऑर्डिनेटर दादाने. पंचविशीतला असेल, स्वतः लहानपणापासून याच गोळ्यांवर. तो याला बाहेर टपरीवर घेऊन गेला, चहा पाजला, आणि काय सांगितलं माहितीये? काही नाही. आपला मोबाईल काढून रात्री साडेनऊचा अलार्म दाखवला, अलार्मचं नाव 'मॅच'. म्हणे हॉस्टेलवर पाच वर्षं सगळ्यांना वाटायचं भाऊ क्रिकेटचा किडा आहे. आमच्याने त्या रात्री अलार्मला नाव दिलं 'रिचार्ज', आणि रविवारी पाहुणे असले की रिचार्ज मारायला गच्चीवर जायला लागला. आत्या, तो दादा बुलेट चालवतो, एवढंच मला येऊन सांगितलं होतं. बुलेट चालवणारा, नोकरी असलेला, तब्येतीने धडधाकट माणूस ज्याला हेच आहे, तो दिसणं हेच औषध होतं.

नंतर रात्री नेटवर वाचत बसायचे त्यात सापडलं की झिम्बाब्वेमध्ये हे पद्धतशीर करतात, झ्वांदिरी नावाचा कार्यक्रम आहे, एचआयव्ही असलेली अठरा-वीस वर्षांची मुलं ट्रेनिंग घेऊन आपल्यासारख्या लहान मुलांच्या घरी जातात, मेसेज करतात. तिथल्या खेड्यांतल्या १६ दवाखान्यांत १३ ते १९ वयाच्या मुलांवर अभ्यास झाला, २०२० साली छापून आला. साध्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत ३६ टक्के मुलांचा व्हायरल लोड चढलेला होता किंवा ती दगावली होती, आणि सोबतीला अशी मुलं होती त्या गटात २५ टक्के. गोळ्या दोन्हीकडे मिळतच होत्या. म्हणजे आमच्या टपरीवरच्या चहात तथ्य होतं. फक्त आपल्याकडे तो एका दादाच्या चांगुलपणावर चालतो, उद्या त्याची बदली झाली की संपलं.

आमचा पुढचा रिपोर्ट 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' आला, म्हणजे विषाणू सापडलाच नाही. मॅडमनी पेढा मागितला, याने बाहेरून वडापाव आणून दिला.

एक प्रसंग सेंटरबाहेरचा, पण सांगायलाच हवा. याची दाढ किडली, शहरातल्या एका खाजगी दाताच्या दवाखान्यात नेलं, फॉर्मवर चालू औषधं लिहिली, आणि रिसेप्शनवरच्या मुलीने चार लोकांसमोर विचारलं हे एआरटी म्हणजे ते ना? मग डॉक्टर आज नाहीत. डॉक्टर काचेतून दिसत होते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू, उपचार नाकारणं, शाळेत प्रवेश नाकारणं, परवानगीशिवाय कोणाला सांगणं, सगळ्याला बंदी आहे, तक्रार घ्यायला राज्याचा लोकपाल पण असतो. पण तक्रार केली की नाव येणार, आणि पोराने हात जोडले, आत्या नको. सेंटरमध्ये सांगितल्यावर त्यांनी सरकारी दवाखान्यात चिठ्ठी दिली, दाढ निघाली, कोणी काही बोललं नाही.

पैशाचं पण सांगून ठेवते कारण तिथे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. अठराच्या आतल्या मुलाला बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात, मोठ्यांना संजय गांधी निराधारमधून १५००, आणि एसटीत सवलत आहे. कागदपत्रांना वेळ लागतो, आणि तलाठ्याच्या ऑफिसात 'कारण काय' म्हणून मोठ्याने विचारतात, त्यामुळे कागद बंद पाकिटात न्या आणि साहेबांशी बाजूला बोला.

जाणार असाल तर सोमवार टाळा, सुट्टीनंतरचा दिवस तर टाळाच. हिरवं पुस्तक आणि उरलेल्या गोळ्यांची बाटली दोन्ही न्या, एक विसरलं तर परत पाठवत नाहीत पण खोळंबा होतो. फोन नंबर देताना पोराचा स्वतःचा पण द्या. तारीख चुकली की तिथून फोन येतो, आमच्याकडे 'पुस्तक जमा करायचं राहिलंय' असं सांगायचं ठरवलंय, तुम्ही पण आधीच काहीतरी ठरवून घ्या. आत गेल्यावर मुलाला एकट्याला मॅडमशी बोलू द्या, दाराला कान लावू नका.

बारावीनंतर हा पुण्याला डिप्लोमा करायचं म्हणतोय. मी विचारलं गोळ्यांचं काय, तर आधीच विचारून आला होता. ट्रान्सफर होते म्हणे, इथून पत्र घ्यायचं, पुण्याच्या सेंटरला दाखवायचं, तिथे पुढचं चालू. जायच्या महिनाभर आधी सांगा म्हणजे पत्र तयार ठेवतो, असं फार्मसीवाल्या दादांनी सांगितलंय.